करवतीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळासाठी वापरतो, क्वचित किल्ल्यासाठी. पोथीच्या बाबतीत 'शुद्धी' किंवा 'संशोधन' म्हणतो. अवजाराच्या वाट्याला मात्र असा भारदस्त शब्द येत नाही. अवजार नुसते 'दुरुस्त' होते. अडगळीत गंजत पडलेली साठ-सत्तर वर्षांपूर्वीची चेन सॉ कोणी पुन्हा चालती केली, तर त्याला आपण हौस म्हणू, फार तर कारागिरी म्हणू. इतिहासाचे काम म्हणणार नाही. आमच्या मते ते इतिहासाचेच काम आहे. पोथीच्या संपादकापुढे जे प्रश्न येतात, ते जवळजवळ तसेच या कारागिरापुढेही येतात. शिवाय संपादकापुढे सहसा न येणारा एक प्रश्न त्याच्यापुढे असतो : चालू झाल्यावर हे यंत्र काय कापणार?

प्रथम करवतीविषयी. 'करवत' हा शब्द संस्कृत 'करपत्र' वरून आला. संतवाङ्मयाच्या वाचकाला 'काशीकरवत' परिचित आहे. मोक्षाच्या आशेने देह करवतीखाली देण्याची ती कल्पना. व्यवहारातली करवत याहून साधी, पण कष्टाची होती. मोठा ओंडका उंच तिव्यावर चढवायचा किंवा खड्ड्यावर आडवा ठेवायचा, रंगात भिजवलेल्या दोऱ्याने त्यावर सरळ रेघ मारायची, एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली, आणि दोघांनी मिळून लांब करवत ओढायची. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' वरून आला, तो या दोऱ्याची आठवण ठेवून. नाटकातला सूत्रधार आपण अभ्यासतो. लाकडावर सूत मारणारा त्याचा हा सख्खा भाऊ अभ्यासक्रमात येत नाही. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडत असे. जुन्या कामाचे गुणगान करताना हा भुसा विसरू नये.

रेडीसारख्या गावात बसून या विषयाचा विचार करताना लाकूड, समुद्र आणि सत्ता ही तिन्ही एकदम समोर येतात. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाचे हे गाव म्हणजे चालुक्यांच्या लेखांतील रेवतीद्वीप, असे अभ्यासक मानतात. मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात आहे. पुढे येथील यशवंतगडावर आदिलशाही, मराठे, सावंत, पोर्तुगीज असे हात फिरले. १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला आणि १८१९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. बेट जिंकायला गलबते लागतात आणि गलबतांना लाकूड लागते. या किनाऱ्याच्या इतिहासात तलवारीइतकेच काम करवतीने केले आहे; तिची नोंद मात्र बखरकारांनी फारशी केलेली नाही.

नोंद आहे ती रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विचार येतो. आरमाराला सागासारखे जे लाकूड लागेल ते परवानगीने रानातून तोडून आणावे. आंबा, फणस ही झाडेही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडल्यावर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. साहित्याच्या वर्गात हा उतारा आपण गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवतो. तो एका अवजाराच्या वापराचा नियमही आहे, हे आमच्याही उशिरा ध्यानात आले. त्या नियमात तीन अटी आहेत : झाडाचे वय, धन्याची संमती आणि मोल.

आता यंत्राकडे वळू. दातेरी साखळीची कल्पना जंगलात जन्मली नाही, ती शस्त्रक्रियेच्या खोलीत जन्मली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनी, अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाचा सांधा कापण्यासाठी, हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी वापरली. १८३० च्या सुमारास बर्नहार्ट हाइने या जर्मन कारागिराने हाडे कापण्यासाठी मुठीने फिरणारी साखळी केली. झाडांसाठीचे यंत्र याच्या शंभर वर्षांनी आले. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत विजेवर चालणारी चेन सॉ बनवली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगिया प्रांतातील डोलमार डोंगरावर पेट्रोलचे यंत्र चालवून दाखवले; त्याचे वजन सुमारे ५८ किलो होते आणि ते उचलायला दोन माणसे लागत. म्हणजे यंत्र आले तरी जोडी तुटली नव्हती.

ती तुटली दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४६ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने झाडाच्या बुंध्यात किडीची अळी पाहिली. ती लाकूड आडवे-उभे दोन्ही बाजूंनी सहज कुरतडत होती. तिच्या जबड्यांवरून त्याने साखळीच्या दाताचा नवा आकार योजला. आजच्या साखळ्यांचा दात त्याच वंशातला आहे. त्याच सुमारास हलक्या धातूंची अंगे आणि कुठल्याही कोनात चालणारा पडद्याचा कार्बोरेटर आला. त्याआधीच्या तरंगत्या गोळ्याच्या कार्बोरेटरमुळे यंत्र आडवे केले की इंजिन बंद पडे. १९५० पासून एका माणसाने वापरायची यंत्रे रुळली, आणि १९५९ मध्ये आलेल्या श्टीलच्या 'कॉन्ट्रा' चे वजन सुमारे १२ किलो होते. खड्ड्यावर आणि खड्ड्यात उभ्या असलेल्या दोन माणसांच्या जागी आता एक माणूस आला.

अशा पिढीतले एखादे यंत्र कोकणच्या हवेत पडवीत पडून राहिले, की त्याचे काय होते? खारी हवा मॅग्नेशियमच्या आवरणावर पांढरी पूड धरते. लोखंडी स्क्रू त्या नरम धातूत घट्ट बसतात, आणि ते जोराने फिरवणारा त्यांची डोकी तोडून बसतो. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. ती कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. रबरी पडदा पापडासारखा कडक होतो. म्हणून जाणता कारागीर दोरी ओढून पाहण्याची घाई कधी करत नाही. तो प्रथम स्पार्क प्लग काढतो, सिलिंडरमध्ये तेलाचे चार थेंब सोडतो आणि एक-दोन दिवस वाट पाहतो. मग सायलेन्सर उतरवून त्या वाटेने पिस्टनकडे बघतो. पिस्टनवर उभे ओरखडे असतील, तर यंत्र पूर्वी कमी तेलावर चालवले गेले होते, हे कळते. दट्टा गुळगुळीत असेल, तर ते केवळ विस्मरणाने थांबले. मारून टाकलेले यंत्र आणि विसरलेले यंत्र यांतला हा फरक पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरवतो.

नंतर ठिणगी. जुन्या यंत्रांत चाकाखाली संपर्काचे दोन बिंदू असतात. त्यांवर गंजाचा पातळ थर आला की ठिणगी पडत नाही. बारीक कानशीचा एक हात फिरवला की बहुधा ती परत येते. पुढे इंधन. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढते आणि जुने रबर खाते. म्हणजे जुन्या नळ्या, पडदे मूळचेच ठेवायचा हट्ट धरला, तर यंत्र थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडेल. त्या काळची यंत्रे आजच्यापेक्षा कितीतरी अधिक तेल मिसळलेल्या इंधनावर चालत. तेलाचे आजचे पातळ प्रमाण त्यांना मानवेलच असे नाही. शेवटी साखळी : प्रत्येक दात गोल कानशीने एकाच कोनात घासायचा आणि दातापुढची उंचवट्याची कडी योग्य तेवढीच उतरवायची. ती जास्त उतरली, तर यंत्र लाकडात अडकून हिसका देते.

येथेच संपादकाची आठवण येते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली, आणि नंतरचे वाटलेले श्लोक फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंबाबत तत्त्व मांडले ते असे की, अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि नवे काम नवे म्हणून ओळखू आले पाहिजे. कारागिराचेही हेच आहे. झिजलेला रंग पुन्हा मारावा की राहू द्यावा? मुठीवर कोण्या अनोळखी हाताने गुंडाळलेली तार काढावी का? आम्हांला वाटते, तार ठेवावी. ती प्रक्षिप्त ओवी नव्हे. ती वापरणाऱ्याच्या हाताची नोंद आहे.

परंतु एका ठिकाणी ही तुलना अपुरी पडते. साखळीला तत्क्षणी थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकात रूढ झाला. त्याआधीच्या यंत्रांना तो नाही. अशुद्ध पाठ वाचून कोणाचा हात तुटत नाही. तेव्हा जुने यंत्र 'मूळ स्वरूपात चालते' करणे म्हणजे मूळ धोकाही चालता करणे होय. पोथीच्या शुद्धतेचा निकष येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि दुसरा धोका झाडांचा. येथे एक भ्रम प्रथम दूर केला पाहिजे. सह्याद्रीचे रान यंत्राने संपवले, हे अर्धसत्य आहे. मुंबई इलाख्यात १८४७ मध्येच अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमावे लागले, आणि तेव्हा कुऱ्हाड आणि हातकरवत याखेरीज काही नव्हते. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आज जीर्णोद्धारित स्थितीत आहे. तिचा साग माणसांच्या हातांनी कापला गेला. तेव्हा अवजाराला दोष देऊन माणसाला मोकळे करता येत नाही. तरीही यंत्राने एक गोष्ट निश्चित बदलली, ती म्हणजे वेळ. हातकरवतीने मोठे झाड पाडायला जो दिवस लागे, त्या दिवसात कोणीतरी येऊन 'थांबा' म्हणू शकत होते. अमात्यांची संमतीची अट त्या संथपणावर उभी होती. यंत्र हे काम काही मिनिटांत उरकते. मग संमतीचे काम कायद्याकडे आले : १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम आला, आणि २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली.

याच यंत्राची दुसरी बाजूही या जिल्ह्याने पाहिली आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत सरकले तेव्हा रस्त्यांवर, घरांवर, विजेच्या तारांवर झाडे आडवी झाली. तेव्हा पेट्रोलवरचे यंत्र हाताशी असणे म्हणजे रुग्णाला वाट मिळणे होते. यशवंतगडाच्या भिंतींतही झाडांच्या मुळ्या शिरल्या आहेत. मूळ वाढले तर चिरा निखळतो. पण मूळ अविचाराने तोडले, तर त्यानेच धरून ठेवलेली भिंत कोसळते. तेथे किती कापायचे हे करवत सांगत नाही, तो विवेक वापरणाऱ्याचा.

म्हणून आमचे मत असे की, जुनी चेन सॉ चालती जरूर करावी. काचेच्या कपाटातील यंत्र आपल्या आकाराखेरीज काही सांगत नाही. त्याचा आवाज, हादरा, वजन आणि धूर अनुभवल्याशिवाय ते वापरणाऱ्या मजुराचे आयुष्य कळत नाही, आणि मजुराच्या बाजूने लिहिलेला इतिहास आपल्या भाषेत अगोदरच थोडा आहे. पण ती चालती करणाऱ्याने दुरुस्तीची वही ठेवावी : काय मूळचे, काय बदलले, का बदलले. साखळी चढवण्यापूर्वी त्याच वहीत अमात्यांच्या तीन अटी लिहून काढाव्यात : झाडाचे वय, धन्याची संमती, मोल. तीनशे वर्षांपूर्वीचा तो मजकूर आपण परीक्षेपुरता वाचत आलो. पेट्रोलच्या यंत्रालाही तो लागू पडतो. त्याची शैली त्यानंतर शिकवली तरी चालेल.