हिरीचा तळ

पुण्यातला पुतण्या मागच्या मे महिन्यात आला अन् म्हणाला, "काका, आपल्या दोन एकरांत घर बांधतो. सोलर, एक गाय, भाजीपाला. लाइटबिल नको अन् बाजारही नको." मी म्हणालो, "ऊन इथं फुकटच आहे बाबा. आधी हिरीचा तळ बघू."

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी आम्ही औरंगाबादचे. गावात वीज नव्हती तेव्हा सगळे असेच राहत होते. ज्वारी घरची, बळदात वर्षाचा दाणा, कडब्याची गंजी, सरपणाला गोवऱ्या. बाजारातून मीठ, रॉकेल, कापड, बस्स. ऐकायला झकास वाटतं. पण १९७२ ला बळद रिकामं झालं, हीर कोरडी पडली. आबांनी बैलजोडी मातीमोल विकली अन् आई-आबा दोघंही पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला गेले. आम्ही पोरं सुकडी अन् अमेरिकेची लाल मिलो खाऊन जगलो. त्या मिलोच्या भाकरीची चव अजून जिभेवरून जात नाही.

जमिनीखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात अन् खडकाच्या चिरांत. शेजाऱ्यानं उपसा वाढवला की आपली हीर खाली जाते. अंबड-घनसावंगीकडं काही शिवारांना जायकवाडीचा डावा कालवा तरी आहे. आमच्याकडं पाऊसच.

म्हणून त्याला कडवंचीला नेलं. जालना तालुक्यातलंच गाव. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र अन् विजयअण्णा बोराडे यांच्या साथीनं, तिथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं. चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवर बांध. गावानं श्रमदान केलं. पुढं शेततळी आली, द्राक्षं आली. २०१२ च्या दुष्काळातही तिथल्या बागा तगल्या. आता द्राक्ष म्हटलं की औषधं आली, बाजार तर आलाच; पुतण्याला हवं ते हे नव्हे. पण पाणी मात्र त्याला हवं तसंच होतं.

"हे एकट्याच्या दोन एकरांत नाही होणार?"

"पाणी वरच्या रानातून येतं. वरच्यानं बांध घातला नाही, तर तुझ्याकडं नुसती माती वाहून येईल."

घरी आल्यावर हिरीत दोर सोडला. टोकाला बांधलेला दगड कोरडाच वर आला. तो बराच वेळ काठावर बसून होता. मग म्हणाला, "काका, आपल्या वरचं रान कुणाचं आहे?"