लग्नचौक (वारली)

लग्नचौक : वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर काढले जाणारे विधिचित्र, बोलण्यात नुसते ‘चौक’. मुख्य प्रदेश : डहाणू, तलासरी, जव्हार व आसपासचे तालुके (1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्हा, त्यानंतर पालघर).

स्वरूप : भिंत शेणाने सारवून गेरूने लिंपतात. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की कुंचला तयार. चौक सवासिनी काढतात. चौकोनी चौकटीला साखळीचे व नागमोडी पट्टे असतात. मधोमध पालघट देवी, भोवती चंद्र, सूर्य, झाडे. घोड्यावरचा पंचशिऱ्या देव शेजारच्या लहान देवचौकात असतो. लग्न लावणारी धवलेरी विधीची गाणी म्हणते. चौकाखेरीज लग्न लागत नाही.

अर्थ : पालघट ही सुफलतेची देवी आणि चौक ही तिची बसण्याची जागा. देवीला घरात आणणे हे त्या चित्राचे काम, ते लग्नापुरते. चित्राखाली सही नसते.

प्राचीनत्व : काही लेखक ही परंपरा इ. स. पू. 2500 पर्यंत नेतात. त्याला आधार शैलाश्रयांतील चित्रांशी असलेल्या साम्याचा आहे, सलग पुराव्याचा नाही.

बाजारातील मूल्य : चित्र भिंतीवरून कागदावर आले ते 1970 नंतरच्या दशकात. मधुबनीत आधी काम केलेले भास्कर कुलकर्णी अखिल भारतीय हस्तकला मंडळातर्फे डहाणू भागात आले. मंडळाची सूत्रे तेव्हा पुपुल जयकर यांच्याकडे होती. कुलकर्णींनी कागद व रंग पुरवले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांनी विधीच्या चौकटीबाहेर पडून मासेमारी, पेरणी, तारपा नाच असे विषय घेतले. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांची चित्रे युरोपात मांडली गेली. यशोधरा दालमिया यांचे वारली चित्रांवरील इंग्रजी पुस्तक 1988 चे. पुढे पुरुष चित्रकारांची पिढीच उभी राहिली. किंमत सहीवर ठरू लागली. साड्या, पेले, भेटकार्डे यांवर मात्र त्याच आकृत्या बिनसहीच्या छापल्या जातात.

तुलना : लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ भित्तिचित्रकार बँक्सीने 2002 मध्ये छाप्याने उमटवलेली फुग्याची मुलगी भिंतीवर टिकली नाही. तिची चौकटीतली प्रत 2018 मध्ये लिलावात 10 लाख 42 हजार पौंडांना विकली गेली आणि हातोडा पडताच अर्धी फाटली. तीच फाटकी प्रत 2021 मध्ये 1 कोटी 85 लाख 82 हजार पौंडांना गेली. दोन्हीकडे पैसा भिंत सुटल्यावर आला. फरक एवढाच की बँक्सीचे नाव टोपण असले तरी ते एकाचे आहे; चौक कोणा एकीचा नसतो.

संरक्षण : वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे. कायद्याने (1999) ते 10 वर्षांसाठी असते व नूतनीकरण करता येते. ते नावाला मिळते, आकृतीला नव्हे.

सद्यःस्थिती : लग्नघरी चौक काढतात, पुढच्या सारवणात तो जातो.