राज्य कुणावर?

लपंडावात एक क्षण असा येतो की तो फक्त राज्य असलेल्या पोरालाच कळतो. जिन्याखाली पाहून झालं, पिंपामागे पाहून झालं, आणि एकदम मनात येतं: सगळे घरी तर गेले नसतील? जे. एल. शेलेनबर्ग या कॅनडातल्या तत्त्वज्ञानेही लपंडावाचाच दाखला घेतला आहे. मूल आईबरोबर खेळतंय, हाका मारून रडकुंडीला आलंय, आणि ओ काही येत नाही. आई जवळपास असती तर गप्प बसली असती का?

१९९३ साली शेलेनबर्गने पुस्तक लिहून या प्रश्नाला युक्तिवादाची शिस्त लावली. देव पूर्ण प्रेमळ असेल, तर ज्याचं मन त्याच्यासाठी उघडं आहे त्याला तो आपल्या असण्याबद्दलच अंधारात ठेवणार नाही. पण मन उघडं ठेवूनही देव आहे हे न पटलेली माणसं आहेत. तेव्हा असा देव नाही. धर्माच्या तत्त्वज्ञानात आज हा वाद दुःखाच्या जुन्या प्रश्नाच्या शेजारी बसतो.

मराठी वाचक यावर बहुधा म्हणेल, यात नवं ते काय? ब्रह्म वाणीच्या पलीकडचं, हे आपण लहानपणापासून ऐकतोच. केनोपनिषदात देवांना विजयाचा माज चढतो आणि समोर एक यक्ष उभा राहतो. तो अग्नीपुढे गवताची काडी ठेवतो. अग्नीला ती जळत नाही. वायूला ती हलत नाही. इंद्र पुढे सरसावतो तर यक्षच नाहीसा. गोष्ट सुरेख आहे, पण तिच्यात कुणी रडत नाही. देवांची जिरते, एवढंच.

म्हणून या विषयात पाऊल टाकताना ‘गूढ’ आणि ‘लपलेला’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. गूढाची ओढ असते. चिदंबरमला नटराजाशेजारचा पडदा सरकवतात. मागे मूर्ती नाही, मोकळ्या आकाशापुढे सोन्याच्या बेलपानांच्या माळा. इ.स.पू. ६३ मध्ये जेरुसलेमच्या मंदिराच्या गाभाऱ्यात पॉम्पे घुसला, तेव्हा त्यालाही मूर्ती दिसली नाही. भक्ताला जिथे भरलेपण जाणवतं तिथे सेनापतीला रिकामी खोली दिसते. रुडॉल्फ ऑटोने १९१७ साली पवित्रतेच्या अनुभवात धसका आणि मोहिनी एकत्र नांदतात असं मांडलं, ते या पडद्याजवळ चटकन पटतं.

तक्रार मात्र पडद्याची नसते, माणसाची असते. आणि तक्रार आपल्याच माणसाशी करतात. पंढरपूरचा देव तर काहीच झाकून ठेवत नाही. कमरेवर हात ठेवून उभा, पायांवर डोकं टेकू देणारा. तरी त्याच्याच दारात तुकोबांनी भेटीसाठी आकांत मांडला, भांडण काढलं. ज्याला माउली म्हटलं त्याची गैरहजेरी सोसवत नाही. माझ्या मते शेलेनबर्गचा प्रश्न उपनिषदापेक्षा या अभंगांच्या जास्त जवळचा आहे, जरी तुकोबा त्याच्या निष्कर्षाला कधीच आले नसते.

गुरुदेव रानड्यांनी महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्काराविषयीच्या १९३३च्या इंग्रजी ग्रंथात तुकोबांच्या या काळासाठी ‘आत्म्याची अंधारी रात्र’ ही कल्पना वापरली. ती स्पेनच्या ख्रिस्ती संत योहानची. १५७७च्या डिसेंबरात त्याच्याच पंथातल्या विरोधकांनी त्याला पकडून टोलेडोला एका कोंदट कोठडीत डांबलं. तिथे त्याने रचलेल्या एका दीर्घ प्रेमगीताची सुरुवातच, प्रियकर कुठे दडला, या विचारणेने होते. गाणारी आहे वधू. विराण्या ऐकत वाढलेल्या वाचकाला तिची ओळख करून द्यायला नको.

या क्षेत्रातली एक खोड आधीच सांगून ठेवतो. तक्रार पुढे आली की काही पंडित घाईने गूढाचा पडदा ओढतात: देव अगम्य आहे, विषय संपला. हे रडणाऱ्या पोराला आकाशाचं मोठेपण समजावण्यासारखं आहे. त्याला आकाश नको आहे. उलट शेलेनबर्गच्या बाजूचे काहीजण बेलपानांपुढे पॉम्पेसारखे उभे राहतात, तेही मला फारसं उपयोगाचं वाटत नाही.

फ्रेंच विचारवंत पास्कलला दडलेल्या देवाविषयीचं बायबलमधलं यशयाचं वचन फार प्रिय होतं, त्यामुळे पाश्चात्त्य चर्चा बहुधा तिथून सुरू होते. नव्या वाचकाने थोडं मागे जाऊन उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडावा. संध्याकाळची वेळ आहे, बागेत वारा सुटलाय. झाडांआड लपून बसलाय तो आदाम, आणि तू कुठे आहेस म्हणून हाका मारतोय तो देव.