सागाच्या पानाचे दोन हक्कदार

डहाणू व तलासरी या मुलुखाचा वनेतिहास लिहावयास बसणारा मनुष्य बहुधा कायदे, कमिशने आणि लाकडाचा व्यापार यांच्याच कागदांत गुंतून पडतो. आणि ज्या एका क्षुद्र पाकोळीची अळी सागाचे पान वारली आदिवासीच्या कोयत्याहून कितीतरी अधिक प्रमाणात खाली आणीत आली, तिला त्या इतिहासात साधी नोंदही मिळत नाही.

हिब्लिया प्युएरा हे तिचे शास्त्रीय नाव. पंख मिटून बसली म्हणजे ती वाळक्या पानाच्या तुकड्यासारखी दिसते, कारण तिचे पुढचे पंख कधी राखी, कधी तांबूस, कधी गडद पट्ट्यांचे असे नाना छटांचे असतात. परंतु उडताच खालचे काळे पंख उघडे पडतात आणि त्यांवरील नारिंगी-पिवळे डाग क्षणभर झळकून जातात. ॲम्स्टरडॅमचा व्यापारी पीटर क्रामर याने १७७७ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर पुढील संग्राहकांनी पंखांच्या या वैचित्र्याला भुलून तिला अनेक वेगळी नावे बहाल केली, आणि नंतरच्या पंडितांना ती एकाच जातीच्या खाती पुन्हा जमा करावी लागली. आपल्या प्रांतात, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधील आठ संस्थापकांपैकी एक असलेले कर्नल स्विन्हो यांनी १८८५ साली मुंबई व दख्खनच्या पाकोळ्या-फुलपाखरांची विस्तृत यादी लंडनमध्ये छापविली. उद्योग मोठा चिकाटीचा. मात्र टाचणीला टोचलेली पाकोळी काय खाऊन मोठी झाली, हे संग्रहाची पेटी सांगत नाही.

अळीचा वर्णभेद तर पंखांहूनही अर्थपूर्ण आहे. अळ्या विरळ असतात तेव्हा त्या फिक्या हिरव्या राहतात. पण वळवाच्या सरींनंतर सागाला कोवळी पालवी फुटली आणि पाकोळ्यांचे थवे तिच्यावर उतरले, म्हणजे त्या दाटीत वाढणारी तीच अळी काळी निपजते, आणि थोड्याच दिवसांत झाडांवर पानांच्या शिरांवाचून काही उरत नाही. झाड मरत नाही, पुन्हा पालवते. आणि हंगामाच्या अखेरीस, पिवळ्या पंखांवर गुलाबी नागमोडी रेघा मिरविणाऱ्या युटेक्टोना नामक दुसऱ्या पाकोळीची अळी येऊन पानातला हिरवा गर तेवढा खाते व जाळी मागे ठेवते.

त्याच पानाचा दुसरा हक्कदार वारली. घर शाकारण्यास त्याला सागाचे पान हवे असे, आणि भाताच्या रोपाची जागा भाजण्यास, म्हणजे राबास, झाडांचा टहाळ. १८६४ साली मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग या किनाऱ्यावरून धावू लागला, रानातल्या लाकडाला दूरची गिऱ्हाइके लाभली, आणि १८७८ च्या वनकायद्याने रानांची राखीव व संरक्षित अशी वर्गवारी होऊन वहिवाटीचा टहाळ तोडणे हा पुष्कळ ठिकाणी गुन्हा ठरला. साग तर सरकारी वृक्षच. खातेदाराच्या शेतात उभा असला तरी अनेकदा त्याच्यावर मालकी सरकारची असे. हा मुलूख ज्यात मोडत असे त्या ठाणे जिल्ह्यातील रयतेचा असंतोष इतका वाढला की सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले, आणि १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाच्या प्रश्नाला मोठे स्थान मिळाले. तक्रार, तपास, दंड हा सारा सरंजाम कोयत्यासाठी होता. काळ्या अळीवर समन्स बजावण्याची सोय नव्हती, हे खरे. परंतु तिने केलेल्या नुकसानीचा अंदाजही दीर्घकाळ कोणी मांडला नाही, यात मला निव्वळ अडचण नव्हे, दृष्टिदोष दिसतो.

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील बीसन यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात भारतीय वनकीटकांचा समग्र विचार केला. निव्वळ सागाची लागवड न करता सोबत इतर झाडझाडोरा राखावा, म्हणजे अळीचे नैसर्गिक शत्रू तेथे टिकतील, असा उपाय त्या काळच्या वनशास्त्रज्ञांनी पुढे मांडला होता. ज्या मिश्र रानात वारली पिढ्यान्‌पिढ्या वावरला, त्याची घडण याहून फारशी वेगळी नव्हती. पुढे १९६० साली भाषावार सरहद्द आखली गेली, उंबरगाव तालुक्याचा बराच भाग गुजरातेत गेला व उरलेल्या गावांतून तलासरी महाल झाला. पाकोळीला अर्थातच दोन्ही बाजूंचा साग सारखाच. झाड पुन्हा पालवते, तेव्हा नुकसान ते काय, हा जुना समज मात्र १९८५ पर्यंत टिकला. त्या वर्षी केरळ वनसंशोधन संस्थेने निलांबूरच्या कोवळ्या सागवनांतील मोजणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार अळीपासून न राखलेली झाडे आपल्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के लाकूड गमावीत होती.