गोविंददासाची पोढी: कल्याणहून नाणेघाटापर्यंत

(या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं आणि "म्हणजे म्हणजे" तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

कल्याण-डोंबिवलीकडच्या माणसाने पहिला ट्रेक कुठला करावा, असं मला बरेचदा विचारलं जातं. माहुली म्हणावं, मलंगगड म्हणावं, गोरखगड म्हणावं? मी दरवेळी नाणेघाट सांगतो. तो सोपा आहे म्हणून नाही. नाणेघाट हा आपल्या गावाचा जुना रस्ता आहे आणि आपण तो विसरलोय, म्हणून.

आधी माझी गोष्ट सांगतो, त्यात माझी चूकही आहे. १९९४ साल. मी बारावीत होतो, डोंबिवलीत राहायचो. आम्ही पाच जण शनिवारी दुपारी कल्याण स्टँडवरून जुन्नरच्या एस.टी.त बसलो, मुरबाड, टोकावडे मागे टाकलं आणि वैशाखरे गेल्यावर उतरलो. कल्याणहून हे अंतर साधारण ६० किलोमीटर. पुढे जंगलातून अडीच तासांची चढण. शेवटच्या टप्प्यात दगडी फरसबंदी लागते, पायऱ्या लागतात आणि घाटाच्या तोंडाशी ते लेणं. आम्ही तिथेच मुक्काम केला. तेव्हा सगळेच करायचे. तीन दगड मांडले, खिचडी शिजवली आणि रात्री चुलीतला एक कोळसा घेऊन मी भिंतीवर माझं नाव लिहिलं. खाली साल टाकलं. शेजारी बारीक बारीक अक्षरं कोरलेली होती. ती काय आहेत हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. "मोडी असेल रे," असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही झोपलो.

ती मोडी नव्हती. ती ब्राह्मी होती, भाषा प्राकृत, आणि बहुतेक अभ्यासक तिचा काळ इ.स.पूर्व पहिलं शतक मानतात. म्हणजे मी जिच्याशेजारी कोळसा चालवला, ती सातवाहनांच्या इतिहासाची सगळ्यात महत्त्वाची भिंत.

तिथे काय आहे, ते थोडक्यात सांगतो. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याचे पुतळे होते. आज पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात, पण वर नावांच्या पाट्या आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि सातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी. बाजूच्या दोन्ही भिंतींवर मोठा लेख आहे. तो राणी नागणिकेचा, म्हणजे याच नायनिकेचा, मानला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. एका यज्ञाला २४,४०० कार्षापण, प्रेक्षक आणि सेवकांना ६,००१. आता गंमत बघा. हे आकडे लिहिलेत, पण शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळ्या खुणा आहेत, त्या जोडत जायचं. आज आपण जे आकडे लिहितो, त्यांच्या पूर्वजांपैकी हे.

१८२८ च्या सुमारास कर्नल विल्यम साइक्स यांनी हे लेख पाहिले आणि लोकांसमोर आणले. पण मला त्यांच्यापेक्षा पंडित भगवानलाल इंद्रजी जास्त जवळचे वाटतात. जुनागढचा हा माणूस मुंबईत डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झाला, देशभर हिंडून लेखांचे ठसे घेत राहिला. नाणेघाटातल्या आकड्यांवर त्यांनी १८७६ मध्ये निबंध लिहिला. पुढे १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप त्यांनीच उकरला. सोपारा हे नाव जरा लक्षात ठेवा.

आता रस्त्याकडे येऊ. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं टिपण लिहिलं. त्यात आपलं कल्याण 'कल्लिएना' म्हणून आलंय. तो लिहितो, की पूर्वी हे कायदेशीर व्यापाराचं बंदर होतं, पण आता इथे अडवणूक होते. एखादं ग्रीक जहाज चुकून आलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे खाडीकाठच्या या गावावरून तेव्हा राजांची भांडणं चालली होती. का? कारण इथे उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. घाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात व्यापार.

वर चढल्यावर तो मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकायचे, असं लोक सांगतात. असेलही. पण भिंतीवरचा मोठा लेख जकातीचा नाही, दानाचा आहे.

आणि दान म्हटलं, की माझ्या आवडीचा लेख नागणिकेचा नाही. लेण्यांच्या आसपास पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यातल्या एकावर एक छोटीशी ओळ आहे. अर्थ असा: सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेली पोढी. संपलं. राजा नाही, यज्ञ नाही. नालासोपाऱ्याचा एक माणूस, आणि घाट चढून दमलेल्यांसाठी पाणी.

हा एकटा नाही बरं का. कान्हेरीला जा, तिथे कल्याणच्या समिदत नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्यात. कल्याणचा सोनार, सोपाऱ्याचा गोविंददास, समुद्रापलीकडून आलेल्या लोकांतला कुणी इरिल. तिघांनाही आपलं नाव मागे राहावं असं वाटलं. त्यात गैर काही नाही, मलाही सतराव्या वर्षी तेच वाटलं होतं. फरक एवढाच, की त्यांनी आधी खडक फोडून पाणी साठवायची सोय केली आणि मग नाव कोरलं. पोढी हा शब्दही अजून मराठीत जिवंत आहे, सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या तोंडी तो असतो.

मग हा रस्ता ओस का पडला? बंदरं बदलली, सत्ता बदलल्या, तरी पायवाट चालू होती. शेवटचा मोठा धक्का दिला तो आपल्या लाडक्या रेल्वेने. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून, म्हणजे आपल्या कसाऱ्यातून, रूळ देशावर चढले. जो माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा, तो डब्यात बसला. नाणेघाट गावकऱ्यांना उरला आणि मग, शंभरेक वर्षांनी, पाठीवर सॅक घेतलेल्या आपल्यासारख्यांना. ज्या कल्याण जंक्शनमुळे घाट ओस पडला, त्याच स्टेशनाबाहेरून आपण आज तिकडची एस.टी. पकडतो.

मी परत गेलो २००९ मध्ये. या वेळी सोबत ब्राह्मी वाचणारे एक ज्येष्ठ मित्र होते. त्यांनी बोट न लावता, हातभर अंतरावरून, एकेक अक्षर दाखवलं. मी ऐकत होतो, पण डोळे माझं नाव शोधत होते. वाटलं, सापडलं तर काय करायचं? पुसायला जावं तर दगडालाच इजा व्हायची. नाही सापडलं. पुसलं गेलं म्हणून नव्हे, तर एवढी नावं होती, की त्यात माझं कुठलं तेच कळेना. बदाम, बाण, गावांची नावं, मंडळांची नावं. आणि काही ठिकाणी मूळ अक्षरं झिजून नुसता खडबडीत दगड. मित्राला मी काही बोललो नाही. आज पहिल्यांदा सांगतोय, तेही तुम्हाला.

म्हणून एवढंच मागणं आहे. जा, जरूर जा. पावसाळ्यात गर्दी असते, वाट निसरडी होते, त्यामुळे हिवाळ्यात जा, सकाळी लवकर निघा. लेण्यात चूल पेटवू नका, भिंतीला हात लावू नका, फोटो काढताना लेखाला टेकू नका. पाणी भरपूर न्या, टाक्यातलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका आणि त्यात हातपाय धुऊ नका. वर घाटघरच्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी खा, त्या माउलीला पूर्ण पैसे द्या.

आणि टाक्यापाशी थोडं थांबा. गोविंददासाची ओळ एवढी छोटी आहे, की शोधावी लागते.

येतो. भेटू पुढच्या भागात.