पवनारचे दगड घरात आले तेव्हा

वावरात नांगर अडला की शेतकरी बैल थांबवतो, सब्बल आणतो आणि दगड उकरून धुऱ्यावर टाकतो. पण त्या दगडावर हात, पाय, डोळे कोरलेले निघाले तर? मग तो धुऱ्यावर राहत नाही. चार माणसे मिळून त्याला बंडीत घालतात आणि तो कोणाच्या अंगणात, कोणाच्या ओसरीत येऊन बसतो. अशाच दगडांची, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पवनारची गोष्ट आज सांगायची आहे.

धाम नदीच्या काठचे पवनार वर्ध्याहून काही कोसांवर आहे. १९३८ साली प्रकृती फार खालावल्यामुळे विनोबा भावे येथे जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहावयास आले. अंगात ताकद यावी म्हणून त्यांनी जमीन खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवत. या खोदकामात कुदळीखाली जुने कोरीव दगड लागू लागले. त्यांतल्या एका शिळेवर दोन पुरुष एकमेकांना भेटत आहेत, असे शिल्प होते. विनोबांनी ती राम-भरताची भेट मानली.

यात एक योगायोग होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली होती आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली होती. बाराव्या अध्यायावर बोलताना भक्तीची उदाहरणे म्हणून त्यांनी लक्ष्मण आणि भरत यांचीच निवड केली होती. सहा वर्षांनी पवनारला आल्यावर भरतभेट मातीतून वर आली. विनोबांनी ती आश्रमात स्थापन केली. पुढे १९५९ साली तेथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. सापडलेल्या इतर मूर्तीही आश्रमातच जपल्या गेल्या आणि कित्येक शिळा तिथल्या भिंतींत बसवल्या गेल्या. रोज झाडलोट आणि प्रार्थना चालते त्या घरातच पंधराशे वर्षांपूर्वीचे दगड नांदू लागले.

आता तुम्ही म्हणाल, असा दगड हलवतात तरी कसा? आधी वजनाचा अंदाज घेऊ. आपल्याकडच्या काळ्या दगडाचा एक घनफूट तुकडा सुमारे ८० किलो भरतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट जाड शिळा म्हणजे ४ घनफूट. ती ३२० किलोंच्या घरात गेली. नुसत्या हातांनी उचलायला गेले तर कंबर जायची. पण पाच फुटी सब्बलीच्या टोकापासून अर्ध्या फुटावर टेकू दिला, तर जोर नऊपट होतो. शिळेची एक कड उचलायला निम्मेच वजन पेलावे लागते, म्हणजे १६० किलो. तेवढ्यासाठी हाताचा साधारण १८ किलोंचा दाब पुरतो. कड उचलली की खाली लाकडी पाचर सारायची, मग दुसरी कड. फट झाली की खाली गोल बल्ल्या घालून शिळा सरकवायची. ती उभी करायची असेल तर तीन बल्ल्यांची तिपाई आणि कप्पी लागते. कोरीव बाजूला पोते गुंडाळतात, म्हणजे दोराने नाक, बोटे उडत नाहीत.

घरात बसवण्याचे काम तर त्याहून अवघड. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर जड शिळा ठेवली की वर्षा-दोन वर्षांत ती कलते. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खणून पाया भरावा लागतो. जुन्या दगडाला सिमेंटपेक्षा चुना बरा. सिमेंटमधले क्षार दगडाला खातात, आणि पुढे शिळा काढायची वेळ आली तर चुना सुटतो, सिमेंट सुटत नाही.

पण श्रोतेहो, दगड घरात आला म्हणजे काम संपले असे नाही. हे दगड कोणाचे? इतिहासकार वा. वि. मिराशी यांनी सांगितले, की पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर. पाचव्या शतकातला राजा दुसरा प्रवरसेन याने ती वसवली. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि ‘सेतुबंध’ हे रामकथेवरचे प्राकृत काव्य याच प्रवरसेनाच्या नावावर आहे. तेव्हा येथे रामाचे मंदिर असावे आणि या शिळा त्याच मंदिराच्या, असे मिराशींचे मत. काही अभ्यासक मात्र प्रवरपूर रामटेकजवळच्या मनसरला होते असे मानतात. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला रीतसर उत्खनन केले. पण त्याआधी वर आलेली शिळा कोणत्या थरात होती, शेजारी काय होते, हे शिळेला विचारून कळत नाही. ते तिच्या आकारावरून आणि चित्रावरून ताडावे लागते.

आश्रमाने हे दगड गावातच राखले, हे मोठेच काम झाले. एरवी कितीतरी गावांत अशा शिळा धुणे धुवायला वापरल्या गेल्या, नाहीतर पायऱ्यांत गेल्या.

म्हणून शेतकरी बंधूंना एवढेच सांगणे, की कोरीव दगड लागला तर सब्बल घालण्याआधी हात थांबवा. वावर कोणते, किती खोल, तोंड कोणत्या दिशेला, हे वहीत लिहा. तलाठ्याला, तहसीलदाराला कळवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या दगडी मूर्तीची नोंदही करावी लागते. आणि गुरुजी, ती वही लिहायला तुमच्या वर्गातली मुले न्या. दोराची फूटपट्टी आणि एक पेन्सील पुरे. चार माणसे शिळा घरी आणतील. पण तिची हकीकत वावरातच राहिली, तर ती पुन्हा कोणाला उचलता येणार नाही.