परतीची खूण : फोर्थ भाषेतील एका विचाराचा इतिहास

आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यातील खोडदला, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशातील रेडिओलहरी टिपतात. अशा दुर्बिणी संगणकावाचून चालत नाहीत. अमेरिकेत किट पीक येथील 36 फुटी रेडिओदुर्बिणीसाठी चार्ल्स मूर यांनी 1971 च्या सुमारास आपली ‘फोर्थ’ ही भाषा कामास लावली. तिच्या इतिहासातील एकच प्रश्न आम्ही येथे घेतो : काम अर्ध्यावर मोडले, तर संगणकाने परत कोठे यावे?

फोर्थमध्ये कामाचे आकडे एका चळतीत असतात. काम संपल्यावर कोठे परतायचे, त्या पत्त्यांची दुसरी चळत असते. जुन्या फोर्थची रीत सरळ होती. चूक झाली की ‘अ‍ॅबॉर्ट’ने दोन्ही चळती रिकाम्या करायच्या आणि कळफलकापाशी बसलेल्या माणसाच्या आज्ञेची वाट पाहायची. शिकवलेले शब्द शाबूत राहत. माणूस शेजारी जागा होता तोवर हे पुरले. पण यंत्र एकटेच चालू लागले, तेव्हा आज्ञा देणार कोण?

1994 च्या अमेरिकी प्रमाणकात याचे उत्तर ‘कॅच’ आणि ‘थ्रो’ या दोन शब्दांनी आले. ‘कॅच’ जोखमीच्या कामापूर्वी चळतींची उंची टिपून ठेवतो. ‘थ्रो’ चुकीचा क्रमांक घेऊन त्याच खुणेपाशी परततो. शून्याने भागले तर उणे 10, भलत्याच पत्त्याला हात घातला तर उणे 9, माणसाने मध्येच थांबवले तर उणे 28.

युनिक्ससारख्या प्रणालीत असा प्रसंग आला की कार्यक्रमाला ‘सिग्नल’ मिळतो, आणि एरवी कार्यक्रम तेथेच संपतो. जीफोर्थच्या कर्त्यांनी असे सिग्नल झेलून त्यांना ‘थ्रो’चे रूप दिले. बाहेरचा आघात आणि आतली चूक, दोहोंतून सावरण्याची वाट एक झाली.

मात्र परत येते ती चळतींची उंची. अर्धवट लिहिलेली फाईल आपोआप सावरत नाही. ती आवराआवर कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच करावी लागते.

प्रवरेच्या पाटाखालील शेतकऱ्याला हे नवे वाटू नये. वाफा फुटला म्हणून कोणी भंडारदऱ्याचे धरण बंद करीत नाही. दारे धरणारा पाणी वरच वळवतो, फुटलेला बांध घालतो आणि पुन्हा पाणी सोडतो. पण पाणी कोठे वळवायचे, हे त्याला आधीच ठाऊक असावे लागते. फोर्थच्या कर्त्यांना एवढे उमगण्यास वीसएक वर्षे लागली.